ओळख नसलेला माणूस पाहिजे

माझ्या नोकरीला शिक्षण लागत नव्हतं. ते बरंच झालं, कारण ते माझ्याकडे नव्हतं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, आठवीची नदीपलीकडे, आणि नदीवर पूल नव्हता. पुढे पूल झाला, पण तोवर मी दुसऱ्यांच्या रस्त्यांवर टोल घ्यायला लागलो होतो. या नोकरीला एकच पात्रता लागायची आणि ती माझ्यात शंभर टक्के होती. पाठवतील तिथं मला कोणी ओळखत नसायचं.

हसू नका. टोलच्या धंद्यात ही मोठी गोष्ट आहे. नाक्यावर जवळपासचा पोरगा बसवला तर त्याला प्रत्येक गाडीत कोणीतरी सापडतं. मामा सापडतो, शाळेतले मास्तर सापडतात, सोयरीक जमता जमता राहिलेले सासरे सापडतात. मामाकडून टोल कसा घ्यायचा? म्हणून खिडकीत बसायला कंपनी लांबचा माणूस आणते. हिंगोलीचा कोल्हापूरला, कोल्हापूरचा गुजरातला, गुजरातचा आणखी कुठं. एवढी माणसं एवढ्या लांब नेऊन बसवणं परवडतं, पण एक मामा फुकट सोडणं परवडत नाही, असं कंपनीचं गणित आहे. बरोबरच असणार. ती शिकलेली माणसं आहेत.

आता हा लांबचा माणूसही एका जागी राहिला की हळूहळू तिथलाच होतो. आमच्याकडे याला 'लोकल होणं' म्हणतात आणि हा आजार समजला जातो. ट्रेनिंगमध्ये लक्षणं सांगितली होती. गाडीवाला तुम्हाला नावानं हाक मारतो. खिडकीतून पैशांशिवाय दुसरं काहीतरी आत येतं, म्हणजे कणीस, पेरू, लग्नाची पत्रिका. तुम्ही गाडीवाल्याला त्याच्या आईचा गुडघा आता कसा आहे म्हणून विचारता. असं दिसलं की त्या माणसाला उचलून दुसऱ्या राज्यात टाकतात. औषध एकच, बदली.

मी हिंगोलीचा. कोल्हापूरला आलो तो गुजरातमधून, आणि त्याआधी तेलंगणात होतो. कोल्हापूरजवळचा नेमका कुठला नाका ते लिहीत नाही. कंपनीत मराठी वाचणारं कोणी असेलच असं नाही, पण मी मूळचा घाबरट आहे.

लोकांना वाटतं टोलनाका म्हणजे सरकार. तसं नसतं. रस्ता सरकारचा. बांधला एका कंपनीनं. वसुलीचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे. आम्ही कामगार तिसऱ्या एजन्सीचे. आणि अंगातल्या जॅकेटवर नाव चौथ्याच कोणाचं, कारण आधीच्या ठेकेदारानं जॅकेटं छापून ठेवली होती आणि ती संपवायची होती. या चौघांची ऑफिसं कुठं आहेत ते मला आजही माहीत नाही. पण खड्डा पडला, दिवे गेले, म्हैस आडवी आली, पाऊस जास्त झाला, की गाडीवाला काच खाली करून मलाच विचारायचा. चौघांत मिळून खिडकी एकच होती आणि तिच्यात मी बसलो होतो.

"हाडं खिळखिळी झाली की रं! टोल कशाचा घेतोयस, मसाजचा?"

यावर आम्हाला उत्तर शिकवलेलं होतं. हात जोडून म्हणायचं, 'नमस्कार सर, आपला प्रवास सुखाचा होवो.' हे उत्तर एकदा कोल्हापुरात देऊन बघा.

फास्टॅग आल्यावर तर लोक विचारायचे, आता तुझं काय काम? काचेवरची पट्टी वरचं यंत्र वाचतं, पैसे खात्यातून जातात, दांडा वर होतो. मग माणूस कशाला? माणूस भांडायला लागतो. यंत्राला शिवी दिली तर त्याचा चेहरा पडत नाही. पट्टी चालली नाही, खात्यात शिल्लक नाही, गाडीत आमदारांचा भाचा आहे, अशा वेळी चेहरा पडणारं कोणीतरी खिडकीत असावं लागतं.

मला दिली होती एकदम डावीकडची लेन. ही आसपासच्या ठरावीक गावांची लेन. आधार कार्डावर त्या गावाचं नाव असेल तर ऑपरेटरनं बटण दाबायचं आणि गाडी फुकट सोडायची. बाहेरून आलेल्याला मुद्दाम हीच लेन देतात, कारण त्याला ना गाव कळतं ना माणूस. नियम ठरावीक गावांचा होता, पण कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला प्रत्येक माणूस आपण त्यात आहोत असं धरून या लेनमध्ये येत असे.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पांढऱ्या गाडीतून आले. कार्ड मागितलं तर म्हणाले, "मी कोण हाय म्हाईत हाय का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही साहेब."

दुसरीकडे यावर शिवी येते, नाहीतर कोणाला तरी फोन लावून माझ्या कानाला देतात. या गृहस्थांनी गाडी बंद केली आणि खाली उतरले.

"न्हाय म्हाईत? मग आयक."

आणि ते कोण आहेत ते त्यांनी मला सुरुवातीपासून सांगितलं. आजोबा कुठल्या तालमीतले, थोरल्या भावानं जमीन विकून काय केलं, आत्या कुठं दिली. मागे हॉर्न सुरू झाले. मागच्या टेंपोतला माणूस भांडायला म्हणून उतरून आला आणि ऐकत उभा राहिला.

"आत्ती कुटं दिली म्हणालासा? पेठ वडगावात? बाजारपेठंत भांड्याचं दुकान हाय त्यांच्याकडं?"

"त्येच की!"

"आवो, मग तुम्ही आमचं पावणंच की!"

दोघं माझ्या खिडकीसमोर गळ्यात पडले. आणि स्वतःचा टोल द्यायला तयार नसलेली ती दोन माणसं एकमेकांचा टोल देण्यावरून हातघाईवर आली. "तुम्ही द्यायचा न्हाय!" "आवो, तुम्ही मोठं हाय, तुम्ही कसं देता?" शेवटी टेंपोवाल्यानं दोघांचा दिला आणि वर मलाच दम भरला, "आमच्या पावण्याकडनं परत टोल मागायचा न्हाय."

मी घरी येऊन बायकोला, सुमनला, सांगितलं की या जिल्ह्यात आपण टिकणार नाही.

घर म्हणजे दस्तगीरचाचांच्या माडीवरच्या दोन खोल्या. टोलवाला म्हटल्यावर आम्हाला कोणी खोली देत नव्हतं. वर्षानुवर्षं टोलविरुद्ध मोर्चे काढलेल्या कोल्हापूरचं आणि टोलचं काय नातं आहे ते तिथल्या वाचकाला मी काय सांगणार. चाचांचं नाक्याच्या अलीकडे पंक्चरचं दुकान, त्यांच्या वडिलांपासूनचं. मी त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबलो होतो. त्यांनी माझ्या जॅकेटकडे पाहिलं.

"टोलवर हाईस व्हय? म्हंजे दिवसभर समदं गाव शिव्या देणार. रातच्याला तरी कोण देऊ ने. ये, माडी बग."

शहनाजचाचींनी खालून ओरडून विचारलं, "पोरं किती?" मी म्हटलं, एक मुलगी. "मग तर लगीच ये."

या मुलीपायीच पुढचं सगळं झालं, म्हणून तिच्याबद्दल सांगतो. प्राजक्ता. माझ्या बदल्यांबरोबर तिच्या शाळा बदलत गेल्या. तेलंगणात फळ्यावरचं अक्षर तिला वाचता येत नव्हतं. गुजरातमध्ये वाचता येऊ लागलं आणि आम्ही उठलो. एकदा ती मला म्हणाली होती, "पप्पा, मला सगळ्या शाळांमधली फक्त पहिली कविता येते." कोल्हापुरात तिला मराठी शाळा मिळाली, मैत्रिणी मिळाल्या, आणि बघता बघता ती 'हाय' 'न्हाय' बोलू लागली. आता ती दहावीत गेली होती. माझी सातवीत संपलेली शाळा तिनं दहावीच्या पुढे न्यावी एवढीच माझी इच्छा. त्यासाठी एक वर्ष, फक्त हे एक वर्ष, आमची बदली व्हायला नको होती.

आणि मी तर पुरता लोकल झालो होतो.

मी तो आजार खूप लपवला. पण वडगावच्या बाजारातून भाजी घेऊन येणाऱ्या आक्काताई वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपमधून जाता जाता माझ्या खिडकीत मेथीची पेंडी फेकायच्या. नेम इतका चांगला की पेंडी कीबोर्डवरच पडायची. दूध घालणारा तानाजी रोज विचारायचा, "काय गजाभाऊ, च्या झाला?" त्याचं गाव गडमुडशिंगी. ते आमच्या यादीत नव्हतं, म्हणून तो रोज टोल द्यायचा, रोज शिव्या द्यायचा आणि रोज चहाचं विचारायचा. तिन्ही गोष्टी एकाच दमात.

म्हशीचं प्रकरण या तानाजीचंच. भर दुपारी तो टेंपो घेऊन आला, घामानं चिंब. यंत्रानं त्याची पट्टी वाचली आणि शिल्लक नाही म्हणून लाल दिवा लावला. अशा वेळी दुप्पट टोल. त्याच्याकडे रोख पैसे नव्हते, घाईत नुसता बनियनवर निघालेला.

"गजाभाऊ, सोड! पेशंट हाय आत!"

"कोण आहे?"

"म्हस. आडली या. सरकारी दवाखान्यात न्यायला लागली. सोड की बाबा, मरंल ती!"

मागे म्हैस असा आवाज काढत होती की हॉर्न वाजवणारेही गप्प झाले. माझ्यासमोर स्क्रीनवर फुकट सोडायच्या गाड्यांची बटणं होती. लष्कर, पोलीस, व्हीआयपी, शववाहिका, अॅम्ब्युलन्स. आडलेली म्हैस कशात घालावी हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. शववाहिका म्हणायला जीभ रेटेना. व्हीआयपीला पोलीस बंदोबस्त लागतो. मी अॅम्ब्युलन्स दाबलं. आजही मला ते चूक वाटत नाही. गाडीत पेशंट होता, घाईत होता, आणि दवाखान्यात चालला होता.

म्हैस सुखरूप बाळंत झाली. तानाजी खरवस घेऊन आला तो थेट लेनमध्ये, आणि डबा खिडकीतून आत दिला. वरचा कॅमेरा दोन्ही वेळा चालू होता.

पुढे कंपनीचा मेमो आला, इंग्रजीत. प्राजक्तानं वाचून दाखवला. 'वाहनाचा प्रकार: रुग्णवाहिका. छायाचित्रात दिसणारे: म्हैस.' आणि खाली, ऑपरेटर लोकल झाल्याचा संशय, चौकशीसाठी दक्षता अधिकारी उद्या येत आहेत, ते दिवसभर बूथमध्ये बसून निरीक्षण करतील.

"पप्पा, ह्यात एवढं भ्यायचं काय?" ती म्हणाली. मी तिला सांगितलं काय ते. मग तिनं मेमो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मी खाली जाऊन चाचांना सांगितलं. माणूस घाबरला की कोणाला तरी सांगतो, आणि मी हिंगोली सोडल्यापासून सांगावं असं पहिलंच माणूस भेटलं होतं. चाचा टायरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"म्हंजे उद्या तुला कुनी वळख दावली तर तू गेलास?"

"हो."

"आन प्राजूची धाव्वी?"

"तीही गेली."

"मग उद्या तुला कुनी वळखणार न्हाय. जा, झोप जा."

दक्षता अधिकारी मिश्रासाहेब सकाळी साध्या शर्टात आले आणि माझ्या मागे स्टुलावर बसले. मूळचे अलाहाबादचे, थकलेले, मितभाषी गृहस्थ. म्हणाले, "आप अपना काम कीजिए. समझिए मैं हूँ ही नहीं."

पहिला टेंपो तानाजीचा. त्यानं खिडकीशी करकचून ब्रेक लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला खरंच भीती वाटली.

"ए टोलवाल्या! कोन रं तू? कुठनं आलायस? तुला या जल्मात कदी बगितला न्हाय! शिल्लक भरलीया मी, घे तुजा टोल! घे!"

यंत्रानं टोल घेतलाही होता, दांडा वरही गेला होता. तरी तो आणखी थोडा वेळ मला न ओळखत उभा राहिला.

मग एकेक येऊ लागले. ज्यांची गावं यादीत होती त्यांनीही आधार कार्ड खिशातच ठेवलं आणि टोल दिला. या रस्त्यावर टोल न देणं हा ज्यांच्या घराण्याचा मान होता, त्यांनी काच खाली करून नोटा दिल्या. पांढऱ्या गाडीतले ते गृहस्थ आले. आपण कोण आहोत ते सांगायला तोंड उघडलं, मोठ्या कष्टानं मिटलं, आणि टोल देऊन गेले. एकानं तर मला दोन कानाखाली द्यायची धमकी दिली आणि जाता जाता हळूच डोळा मारला. मी मान खाली घालून बटणं दाबत होतो. काहींचे आवाज ऐकून मला रडू येत होतं, ते कंपनीच्या नियमात बसत नव्हतं.

आक्काताईंची जीप आली. हात सवयीनं बाहेर आला, मेथीची पेंडी धरलेला. नेम धरला गेला. आणि त्यांना आठवलं. हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी पेंडी माझ्या डोक्यावरून मागे स्टुलावर बसलेल्या मिश्रासाहेबांच्या मांडीवर टाकली.

"घ्या पावणं. कुटलं म्हणायचं तुम्ही?"

मिश्रासाहेब दचकले. "इलाहाबाद."

"लई लांब आलासा वो! बायकापोरं तिकडंच? जेवनाखानाचं कसं मग?"

जीप निघून गेली. पण तेव्हापासून सुरूच झालं. मला न ओळखायचं म्हणून आलेला प्रत्येक माणूस, मला शिव्या देऊन झाल्यावर, मागच्या पाहुण्याची चौकशी करी. काय पावणं, कुठलं गाव? किती दिवस मुक्काम? देवीचं दर्शन झालं का? दुपारपर्यंत मिश्रासाहेबांच्या मांडीवर मेथी, दोन पेरू, ताकाची बाटली आणि एका लग्नाची पत्रिका जमली होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बूथचं दार लावून घेतलं. ताकाचा एक घोट घेतला.

"गजानन, एक बात बताओ. सुबह से जो भी आया, उसने मुझसे पूछा कि कहाँ के हो. इस ज़िले में जिस दिन से आया हूँ, सब पूछते हैं. होटलवाला, पानवाला, नाई. तुमसे किसी ने नहीं पूछा."

मी स्क्रीन पुसायला लागलो.

"गाली सबने दी. गाँव किसी ने नहीं पूछा. क्योंकि सबको पता है."

चाचांनी सगळ्या गावाला बजावून सांगितलं होतं की ओळख दाखवायची नाही. पण अनोळखी माणसाशी आपण कसं वागतो हे कोल्हापुरात कोणालाच आठवून पाहावं लागलं नव्हतं, त्यामुळे अनोळखी माणसाला आपण आधी गाव विचारतो हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी हात जोडले आणि प्राजक्ताच्या दहावीचं सांगितलं. सगळं सांगितलं, तेलंगणाचा फळासुद्धा. ते बराच वेळ लग्नाची पत्रिका उलटीसुलटी करत होते. मग म्हणाले, "मेरे भी दो बच्चे हैं. चार बोर्ड बदल चुके." आणि मग, "मैं लिखूँगा कि जाँच चालू है. मार्च निकल जाएगा. लेकिन एक शर्त है. तब तक तुम्हारे नाम की कोई आवाज़ नहीं होनी चाहिए. ज़रा भी नहीं."

मी त्यांचे पाय धरले. जाताना त्यांनी मेथी बरोबर नेली.

आता कोल्हापूर जिल्ह्यात मार्चपर्यंत आवाज होऊ द्यायचा नाही, ही अट मी कोणत्या तोंडानं मान्य केली देव जाणे. त्या संध्याकाळी मी घरी गेलो. चाचांना काही सांगावं तर सगळ्यांना कळेल, कळलं तर आवाज होईल, म्हणून मी कोणाला काहीच सांगितलं नाही. नुसता मान खाली घालून जिना चढलो. इथं माझं चुकलं असं नाही, पण इथंच सगळं फिरलं. माझं तोंड बघून चाचींनी चाचांना सांगितलं, चाचांनी तानाजीला सांगितलं, आणि तानाजीनं पुढे सगळ्यांना सांगितलं की गजाभाऊची बदली झाली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मला हलगी ऐकू आली. वाटलं लग्नाची वरात असेल. मोर्चा होता. पुढे हलगी, मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर तानाजी, त्याच्या मागे वडापच्या जीपा आणि चाचा स्कूटरवर. फलकावर प्राजक्ताच्या मैत्रिणींच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'गजाभाऊंची बदली रद्द झालीच पाहिजे.'

नाक्याच्या मॅनेजरांना मोर्चाची सवय होती. त्यांनी खुर्चीवरचं जॅकेट घातलं आणि बाहेर येऊन नेहमीचं उत्तर दिलं. "टोल रद्द करण्याची आपली मागणी वर कळवली आहे."

"टोल तर रद्द झालाच पायजे!" तानाजी सवयीनं ओरडला. हलगी वाजली. मग त्याला मूळ मुद्दा आठवला. "आनि गजाभाऊची बदली बी!"

"अहो, पण टोलच रद्द झाला तर गजाननचं इथं काम काय?"

गर्दी थोडी चपापली. हा विचार कोणी केला नव्हता.

"ते तुमचं तुम्ही बगा," तानाजी म्हणाला. "टोल आमी देनार न्हाय. पन न्हाय म्हनायला मानूस वळखीचा पायजे! रोज नव्या मानसाला पयल्यापासनं कोन शिव्या देत बसनार?"

टाळ्या पडल्या. मी बूथमधून हातवारे करत होतो, गप्प बसा, परत जा. लोकांना वाटलं मी आभार मानतोय. एका स्थानिक चॅनेलचा मुलगा मोबाइल घेऊन खिडकीशी आला. "आपल्या भावना काय आहेत?" मी म्हणालो, "काही नाही, मला इथं कोणी ओळखत नाही." मागून शेकडो लोक एका आवाजात ओरडले, "आमचाच हाय त्यो!"

तो व्हिडिओ दुपारच्या आत मुख्य कार्यालयात पोहोचला. मिश्रासाहेबांचा फोन आला. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "गजानन, मैंने कहा था ना, आवाज़ नहीं."

बदली राजस्थानात. ताबडतोब.

संध्याकाळी आम्ही माडीवर बसलो होतो. सुमन भांडी पोत्यात भरायला लागली. हे काम तिला पाठ आहे, ती बघत नाही, हात आपोआप चालतात. खाली चाचा आणि तानाजी ओट्यावर, दोघंही एकमेकांकडे न बघता. तानाजी वर येऊन म्हणाला, "गजाभाऊ, जोड्यानं मारा मला." मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही रे." ते अर्धंच खरं होतं, पण त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

मग चाचींनी जिन्यातूनच विचारलं, "सुमन, भांडी कशाला भरायला लागलीस?"

"जायचंय ना चाची."

"कुनाला? बदली गजाननची झाली. तुजी आन प्राजूची कुनी केली?"

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कारण आजवर कुठल्याही गावात बायको आणि वाढत्या वयाची मुलगी ठेवून निघून जावं असं आमचं कोणी नव्हतं. अनोळखी गावात माणूस बिऱ्हाडासकट उठतो. मी सुमनकडे पाहिलं, सुमननं प्राजक्ताकडे.

"पप्पा, तुम्ही जावा," प्राजक्ता म्हणाली. "मी हितनंच परीक्षा देनार. फोन करत जावा तेवडा."

तिनं स्वतःच पोत्यातून पातेली बाहेर काढली.

मी हे राजस्थानातल्या बूथमध्ये बसून लिहितोय. रस्ता सरळ, गाड्या वेगात, सगळ्यांच्या खात्यात शिल्लक. काच कोणी खाली करत नाही. भांडण नाही, मेथी नाही. आता ऐकतो की पुढे दांडाही निघणार, नुसते कॅमेरे राहणार, माणूस लागणारच नाही. इथं मी लोकल होण्याचा काही धोका नाही. सुपरवायझर माझ्यावर खूश आहे, इतरांना माझं उदाहरण देतो. दर महिन्याला पगार येतो, तो मी माडीवर पाठवतो. नोकरीनं मला उपाशी ठेवलं नाही, हे मी विसरत नाही. सातवी पास माणसाला आणखी कोणी खुर्ची दिली असती?

प्राजक्ता दहावी पास झाली. गणितात काठावर, मराठीत वर्गात पहिली. चाचांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि डावीकडच्या लेनमध्ये उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीत पेढा दिला. त्यामुळे रांग पार नाक्यामागच्या पुलापर्यंत गेली, असं सुमननं फोनवर सांगितलं. कोणी हॉर्न वाजवला नाही म्हणे. माझ्या जागेवर नवा ऑपरेटर आला आहे, ओडिशाचा, दिबाकर नावाचा. त्यानंही पेढा घेतला आणि कॅमेऱ्यात सापडला. त्याला मेमो मिळाला.

परवा त्याचाच फोन आला. नंबर चाचांनी दिला होता. आवाज कोवळा, घाबरलेला.

"भैया, यहाँ गाँव में जत्रा है. एक दूधवाला बोलता है खाने पे आना ही पड़ेगा, नहीं तो गाड़ी आड़ी लगा दूँगा. मैंने आपका केस सुना है. क्या करूँ?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. आजारी आहे म्हण, ड्यूटी आहे म्हण, खिडकी बंद ठेव, मान वर करू नको. समोरून एक गाडी न थांबता गेली. आतल्या माणसानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"जाओ," मी म्हटलं. "और दोपहर में ही जाना. पांढरा रस्सा जल्दी खतम होता है."